तोंडानं ओढलेलं पानी

मी मूळचा धुळ्याकडला, पांझरेकाठचा. गावाचं नाव नका लिहू, त्या गावानं माझ्यासाठी काही केलं नाही, मी कशाला त्याचं नाव मोठं करू. थांबा, आधी तो चहा प्या. प्या ना, मी केव्हाचा बघून राहिलो, तुमी नुसता कप धरून बसले. हां, आता लिहा. तुमाला वाटंल हा सुकदेव तिरसट मानूस आहे, आहेच मी तिरसट, घरातली बी तेच म्हनते. पन चहा कोन पितो आन् कोन नुसता कप फिरवून खाली ठेवतो हे बघायची सवय मला सुरतेनं लावली, गावानं नाही. गावात सगळं सरळ होतं, तिथं आमाला कोनी कपच देत नव्हतं.

आमी बौद्ध. बापाच्या आधीपासून. माझा बाप गावच्या विहिरीवर कधी चढला नाही, कोनी वरून पानी ओतलं तर ओंजळीत घ्यायचं, नाही ओतलं तर नदीला झिरा काढायचा. म्हनून मामा मला म्हनला, चल सुरतेला, तिथं कोनी जात इचारत नाही, काम इचारतात. सतराव्या वर्षी ताप्ती लाईनच्या गाडीत बसलो आन् इथं डिंडोलीत मामाच्या खोलीत येऊन पडलो. ती खोली आन् ही खोली, मधे एक गल्ली, एवढाच माझा प्रवास. मामा खोटं नव्हता बोलला. काम पह्यले इचारतात. जात नंतर इचारतात, आन् गोड बोलून इचारतात, काय सांगू तुमाला, त्याच्यापेक्षा गावचं परवडलं.

पह्यले दोन वर्षं बांधकामावर गवंड्याच्या हाताखाली होतो. तिथं मी एकच गोष्ट शिकलो, ती पुढं कामाला आली, म्हनून सांगतो. गवंड्याकडं लेव्हलची नळी राहते, पारदर्शक, लांब. तिच्यात पानी भरायचं, एक टोक ह्या भिंतीला, दुसरं टोक त्या भिंतीला, दोन्हीकडं पानी एकाच उंचीला येऊन थांबतं. मधे नळी कितीबी वाकडी असू द्या, खाली जाऊ द्या, वर जाऊ द्या, फकस्त मधे हवा नको. मला त्याची मोठी गंमत वाटायची, मानसांमधे जे नाही ते पान्यात आहे, असं.

मंग सुरतेबाहेर सचिन म्हनून कारखान्यांचं गाव आहे, तिथल्या एका मिलमधे लागलो. मिल म्हनजे कापड रंगवायची, छापायची मिल. मला टाकलं कलर किचनमधे. नाव किचन, पन तिथं शिजतो रंग. ॲसिडचे मोठे मोठे कारबे यायचे, प्लास्टिकचे, एवढे कंबरेपर्यंत. कारबा उचलून ओतता येत नाही, अंगावर येतं. मंग काय करायचं, नळी आत सोडायची आन् दुसऱ्या टोकाला तोंड लावून ओढायचं, ॲसिड जिभेला लागायच्या एक वीत आधी तोंड काढायचं आन् बोट दाबायचं, मंग टोक खाली बादलीत सोडलं की आपोआप येत राहतं. ह्याला सायफन म्हनतात. मिलमधे माझ्यासारखा सायफन कोनी ओढत नव्हतं. दुसऱ्या पाळीचा मास्तर मला बोलवायला मानूस पाठवायचा, सुकदेवला बोलवा, त्याचं तोंड बरोबर आहे. हे दात बघा. पुढचे चार. बघा, लाजता कशाला, झिजून खडूसारखे झाले. ॲसिड ओढायला माझं तोंड बरोबर होतं, हे लिहून ठेवा, पुढं लागंल.

दात गेले त्याचं काही नाही. छाती गेली. सुरतेत प्लेग आला त्या साली अर्धी वस्ती गावाकडं पळाली, मी नाही गेलो, गावाला कोन जातंय, पन तेव्हापासून माझा खोकला काही थांबंना. लोक लांब सरायचे, प्लेगवाला आहे म्हनून. डॉक्टरनं नळी लावून बघितलं, म्हनला, प्लेग नाही, टीबी नाही, हा तुझ्या मिलचा धूर आहे, ते खातं सोड नाहीतर पाच वर्षांत छाती बंद होईल. खातं कसं सोडनार? मिलमधे दुसरं हवेशीर खातं एकच, मेंटेनन्स. पाईप बसवा, वॉशर बदला, वॉल उघडा, बाहेर फिरतं काम. मी तीनदा इचारलं, साहेब मला मेंटेनन्समधे घ्या, मला पाईपाचं कळतं. तीनदा नाही म्हनले. तिथं सगळे शेठच्या ओळखीचे. माझी कमल तेव्हा पोटुशी होती, मी खोकलो की ती झोपेतून उठून बसायची. मला ती नोकरी पायजे होती. पगारासाठी नाही, पगार तोच होता. श्वासासाठी पायजे होती.

आता मासे.

शेठच्या ऑफिसात काचेची पेटी होती, सहा फूट लांब, जाड काचेची, सोनेरी मासे आत. शेठला माशांचं काही नव्हतं, ते त्याच्या आईचे होते. तिला सगळे बा म्हनायचे. पांढरी साडी, चष्मा, बारकी, बोलनं असं गोड की मुंगी लागंल. कांदा-लसून नाही, पानी गाळून, दिवस बुडाला की जेवन नाही. रोज सकाळी ड्रायव्हर तिला घेऊन यायचा, ती कनकेच्या बारीक गोळ्या करून आनायची आन् बोटं पान्यात बुडवून माशांना भरवायची. मासे तिच्या बोटाला लागायचे, ती हसायची. जीवदया म्हनायचे त्याला. पेटी पह्यल्यांदा बसवली तेव्हा दोन मासे मेले, तर बानं तीन दिवस अन्न सोडलं होतं. मिलमधे आमच्यातला एक जन मशीनवरून पडून गेला तेव्हा बानं काय सोडलं ते मला माहीत नाही, मी इचारलं नाही.

प्लेगनंतरचा उन्हाळा लई कडक होता. ऑफिसच्या मागं बॉयलर, पेटीचं पानी कोमट व्हायचं आन् मासे वर येऊन तोंड उघडायचे, आ, आ, असे. मला त्यांचं समजायचं, मी बी तसाच श्वास घ्यायचो. मासेवाला म्हनला, बारीक धारेनं ताजं पानी चालू ठेवा. शेठनं बोअरच्या टाकीवरून एक तोटी आनली. पानी आत तर यायला लागलं, जायचं कुठून? पेटी भरली की गालिच्यावर. काचेला भोक पाडायचं म्हनलं तर काचवाला म्हनला, पेटी खाली करा, आन् तडा गेला तर माझं नाव नाही. बा म्हनली, एकबी मासा हलवायचा नाही. मेंटेनन्सचे चार मोठे मिस्तरी आले, चौघांनी डोकं खाजवलं. एकानं काठावरून नुसता पाईप टाकला, तोंडानं न ओढता, की पानी चढंल म्हनून. पानी काय शेठचं नोकर आहे का?

मी तेव्हा रंगाचा नमुना घेऊन वर गेलो होतो. मी म्हनलो, भोक न पाडता होईल. शेठनं माझ्याकडं बघितलं, तू कोन. मी म्हनलो, कलर किचनचा. तो म्हनला, कर. मी म्हनलो, केलं तर मला मेंटेनन्समधे घ्याल? बा तिथंच होती, ती म्हनली, जीव वाचवशील तर का नाही घेनार. शेठ म्हनला, आठ दिवस एक थेंब खाली न पडता चाललं पायजे, तर घेतो. मी म्हनलो, चालंल.

बोलून तर आलो. आता सांगतो त्यात अडचन काय होती. नुसता सायफन लावला तर तो पानी ओढत राहतो, नळीचं तोंड उघडं पडेपर्यंत, मंग हवा घेतो आन् मरतो. आठवड्यातून एक दिवस मिलची वीज जायची, बोअर बंद, वरची टाकी खाली, धार बंद. धार बंद झाली की सायफन हवा घेनार, आन् दुसऱ्या दिवशी धार चालू झाली की पानी पुन्हा गालिच्यावर. एकदा तुटलेला सायफन आपोआप जुळत नाही, भाऊ.

मी घरी, हे इथं, ह्या मोरीत, दोन बादल्या आन् पाईप घेऊन रविवारभर बसलो. कमल डोक्यावर उभी. मनी बादली सोडा, म्हने आपल्या अहिरानीत, नळ जाई ऱ्हायना, म्हनजे नळाचं पानी चाललं, पानी भरानं शे. मी म्हनलो, थांब जरा. ती म्हने, येडा व्हई गयात का, त्यासना मासा जगाडाले आपलं घर कोरडं. तिचं बी खरं होतं. पन ती बादली ओढायला वाकली आन् मला एकदम गवंड्याची नळी आठवली. दोन टोकं, दोन्ही पान्यात. पाईप उघड्यावर सोडायचाच नाही! बाहेर बी एक डबा टांगायचा, पाईपाचं एक टोक पेटीच्या पान्यात, दुसरं डब्याच्या पान्यात, आन् डब्याच्या आत एक उभी नळी ठेवायची, पायजे तेव्हढ्या उंचीची. पानी त्या उंचीच्या वर गेलं की उभ्या नळीतून खाली मोरीला. त्या उंचीला आलं की थांबलं, पुढं जानारच नाही. पेटी आन् डबा, दोन्हीकडं एकच पातळी, धार येवो न येवो, पाईप कायम भरलेला. मी कमलची बादली तिला देऊन टाकली आन् म्हनलो, भर तुझं पानी.

डबा केला ॲसिडच्या रिकाम्या कारब्याचा. अर्धा कापला, सात दिवस रोज धुतला, लोखंडी पट्टीचे आकडे करून काठाला टांगला. प्लास्टिकला भोक पाडायला कोनाची मनाई? खाली रबरी वॉशर घालून उभी नळी बसवली. पाईपाला दोन एल्बो, सोल्युशननं चिकटवले. आतल्या तोंडाला छपाईच्या स्क्रीनची फाटकी जाळी बांधली, बारका मासा ओढला जाऊ नये म्हनून, मला बी जीवदया आहे. आन् एक शेवटची गोष्ट. पान्यातून बारीक बुडबुडे येतात, ते पाईपाच्या वरच्या वाकनात जमतात, चार-पाच दिवसांत एवढी हवा जमते की पाईप तुटतो. म्हनून वर तापलेल्या खिळ्यानं छिद्र पाडलं आन् सलाईनची बारीक नळी बसवली. तिला ते चाक राहते ना, पानी कमी-जास्त करायचं. चाक सोडायचं, तोंडानं हवा ओढून घ्यायची, चाक बंद करायचं. चार दिवसांतून एकदा. झालं. शेठला हे मी तोंडानं सांगितलं, साहेब, ह्या बारीक नळीवर सगळं आहे.

बसवलं त्या दिवशी सगळे उभे होते. शेठ, बा, मेहताजी. मेहताजी म्हनजे ऑफिसचा जुना कारकून, काळी टोपी, सगळ्यांच्या पंचाईती त्याच्याकडं. मी आधी डब्यात थोडं पानी ओतलं, मंग सलाईनच्या नळीला तोंड लावलं, ओढलं, पाईपात पानी चढलं, चाक बंद केलं, डबा भरला आन् खाली मोरीत पडायला लागलं. टप टप टप. शेठनं तोटी पूर्ण सोडली, पेटीतलं पानी बोटभर बी वर गेलं नाही. मंग तोटी बंद करून बघितली, पानी जागेवर थांबलं, पाईप भरलेला. पुन्हा सोडली, पुन्हा चालू. बा म्हनली, वाह दीकरा, वाह. दीकरा म्हनजे लेका. तिनं डबीतून खडीसाखर काढली, मी हात पुढं केला, तिनं वरून टाकली. वरून. मी तेव्हा आनंदात होतो, लक्ष दिलं नाही.

मेहताजीनं लक्ष दिलं होतं. तो जवळ आला, गोड हसला, सुकदेवभाई, म्हनला, तमे केवा? तुमी मराठी मानसांना हे कळनार नाही. तमे केवा म्हनजे तुमी कसले, म्हनजे कोनत्या जातीचे. लई सभ्य सवाल आहे तो, इथं सोयरिकीत इचारतात, घर भाड्यानं देताना इचारतात. मी काही बी सांगू शकलो असतो. आमच्या वस्तीतली कितीतरी जनं पाटील लावतात. मी म्हनलो, बौद्ध. तो म्हनला, अच्छा अच्छा. बा माशांकडं बघत होती. तिनं बोटं पान्यात बुडवलेली होती, ती तिनं काढली आन् पदराला पुसली. बस. एवढंच झालं. मी खाली उतरून गेलो.

सहाव्या दिवशी ऑफिसचा पटावाळा, म्हनजे शिपाई, धावत कलर किचनमधे, चल वर, शेठ बोलवतो. वर गेलो तर गालिचा भिजून चिखल, तोटी बंद केलेली, मासे सगळे वर, आ, आ. बा खुर्चीत हात जोडून बसलेली. शेठ म्हनला, हेच का तुझं? आठ दिवस ठरले होते, सहा बी नाही झाले. जा, तुझं कलर किचन बरं. मी म्हनलो, साहेब एक मिनिट, बघू तर द्या. जवळ गेलो. पाईपात वर हवा भरलेली, ती दिसली. आन् सलाईनची नळी नव्हती. नव्हतीच. छिद्रात मेनबत्तीचं मेन भरून, वरून अंगठ्यानं दाबून बंद केलेलं, अंगठ्याची निशानी होती त्याच्यावर.

मी वळलो तो सरळ मेहताजीकडं. खोटं नाही सांगत, माझा हात त्याच्या गळपट्टीपर्यंत गेला होता. मी म्हनलो, नळी कोनी काढली? तो मागं सरला, मला नका शिवू म्हनून सरला का भिऊन सरला ते त्याचं त्याला माहीत. मी पुन्हा म्हनलो, नळी कोनी काढली, बोल, तुला काय वाटलं, माझं तोंड लागलं म्हनून काढली ना? शेठ ओरडला, ए, आवाज खाली. आन् तेव्हा मागून बा बोलली. शांतपने. में कढावी, भाई. मी काढायला लावली. ते एठुं झालं होतं ना. एठुं म्हनजे उष्टं. आन् काय म्हनली माहीत आहे? म्हनली, पानी पूर्न बदलायचं होतं, पन बदललं तर मासे मरतील, म्हनून नुसती नळी काढली. मनावर घेऊ नको, दीकरा.

मनावर घेऊ नको! भाऊ, मला मेहताजीनं काढली असती तर चाललं असतं. त्याचा राग करायला सोपं होतं. ही बाई मला दीकरा म्हनायची. मंग मला एकेक दिसायला लागलं. साखर वरून टाकली ते. आन् पेटीजवळ लाकडाचा लांब चमचा पडलेला होता, नवा. म्हनजे त्या दिवसापासून तिनं पान्यात बोटं घातलेली नव्हती, चमच्यानं लांबून टाकत होती गोळ्या. माझ्या तोंडानं मासे बी बाटले. मासे बी माझ्या जातीचे झाले. मला हसू आलं, खरंच हसू आलं, तर शेठला वाटलं मी उद्धट आहे.

मी म्हनलो, नवी नळी आनतो. आन् गेलो. रस्त्यापलीकडच्या दवाखान्यातून कंपाउंडरकडून नवी सलाईनची नळी घेतली, पाकीटबंद. आन् काय केलं माहीत आहे का? टपरीवर उभा राहून चहा पिलो. पूर्ण. बशीत ओतून, सावकाश. वर मासे तडफडून राहिले, मला माहीत होतं. त्यांचा काही गुन्हा नव्हता. तरी पिलो.

वर येऊन सगळ्यांसमोर पाकीट फाडलं, मेन खरवडून काढलं, नळी बसवली, चाक सोडलं. आन् टोक धरून उभा राहिलो. शेठ म्हनला, ओढ ना आता. मी म्हनलो, साहेब, कोरी नळी आहे. कोनाचं तोंड लागलेलं नाही. ज्याचं तोंड चांगलं असंल त्यानं ओढा. कोनी हललं नाही. एक मासा आडवा व्हायला लागला होता, त्याचं पोट दिसायला लागलं. बा रडायला लागली, अरे कोई करो, कोई करो. शेठनं मेहताजीकडं बघितलं. मेहताजीनं टोपी काढली, टेबलावर ठेवली, नळी तोंडात घेतली. मी सांगितलं नाही त्याला केव्हा थांबायचं. त्याला काय, सवय नाही, ॲसिड थोडंच ओढलंय जन्मात. ओढत राहिला ओढत राहिला आन् घोटभर पानी घशात गेलं, माशांचं, महिनाभराचं. पाईप चालू झाला. टप टप टप. तोटी सोडली, दहा मिनिटांत मासे खाली गेले. मेहताजी बाहेर जाऊन ओकत होता.

शेठ मला म्हनला, सोमवारपासून मेंटेनन्समधे ये. त्याला बी कळलं होतं ना की वस्तू माझी चुकली नव्हती.

घरी येऊन कमलला सगळं सांगितलं, म्हनलो, मी नाही जात त्यांच्या मेंटेनन्समधे, तोंडावर फेकतो त्यांच्या. ती भाकरी थापत होती. ती म्हने, तुमनं तोंड लागनं म्हनीसन पानी बाटनं, मंग त्या मासा काय गंगामा ऱ्हातस का? आन् मंग म्हने, नोकरी ल्या. छाती तुमनी शे, त्यासनी नही. मी घेतली. लिहा, घेतली म्हनून. कोनी म्हनंल स्वाभिमान कुठं गेला, तर त्याला म्हनाव, दोन पाळ्या कलर किचनमधे उभा राहा आन् मंग ये बोलायला.

शेठला मी एकच सांगितलं. पाईप साफ करीन, वॉशर बदलीन, डबा घासीन. नळीला तोंड लावनार नाही, ते माझ्या कामात नाही. तेव्हापासून दर चौथ्या दिवशी मेहताजी टोपी काढून ती नळी ओढायचा. मी मुद्दाम पाना घेऊन तिथं उभा राहायचो. काही काम नसायचं. उभा राहायचो. तीन वर्षं. तुमी म्हनाल हा कसला आनंद. आहे आनंद. गरिबाला असेच आनंद मिळतात.

बा यायचीच रोज. मला बघून केम छे दीकरा म्हनायची, तिनं कधी आवाज चढवला नाही, आजपर्यंत नाही, तेच तर. शिवी दिली असती तर मी परत दिली असती आन् मोकळा झालो असतो. तिच्या टेबलावर तिचा चांदीचा लोटा राहायचा, घरून गाळून आनलेल्या पान्याचा. पटावाळ्यानं मला पह्यल्याच दिवशी सांगितलं होतं, सगळ्याला हात लाव, त्या लोट्याला लावायचा नाही. तीन वर्षं मी त्या टेबलाच्या बाजूनं निघायचो तेव्हा पाना बी दुसऱ्या हातात घ्यायचो.

आता जे सांगतो त्याला वर्ष होत आलं. उन्हाळाच होता. मेहताजी घरी बसला होता तापानं, शेठ बाहेरगावी. मी वॉशर बदलायला वर गेलो तर बा एकटी. पाईपात हवा आलेली, धार थांबलेली, पानी काठाला लागलेलं. ती माझ्याकडं बघून म्हनली, सुकदेव, तू कर ने, बेटा. मी म्हनलो, नाही बा, माझं तोंड चालत नाही. ती म्हनली, अरे ते जुनं झालं. मी म्हनलो, तुमच्यासाठी झालं असंल. ती उठली, टेबलाला धरत धरत पेटीपाशी आली आन् ती नळी तिनं स्वतः तोंडात घेतली. ऐंशीला आलेली बाई, तोंडात दात नाही. ओढलं तिनं. पाईप चालू झाला, चाक मी फिरवलं, तेव्हढं केलं. पन पानी तिच्या घशात गेलं होतं. ठसका लागला, असा की थांबंना, डोळे पांढरे. खुर्चीत बसली आन् हात लोट्याकडं केला. पोचंना. मंग मला म्हनली, पाणी आप, दीकरा.

लोटा माझ्यापासून हातभर होता. मी बघत होतो. ती खोकत होती, मला तो खोकला ओळखीचा होता, आतून घासून येनारा. मी म्हनलो, पटावाळ्याला बोलावतो. आन् जिन्यानं खाली गेलो. धावत नाही गेलो. चालत गेलो. दोघं वर आलो तोपर्यंत तिनं कसातरी लोटा ओढून घेतला होता, अर्धा साडीवर सांडला होता, ती भिजून बसली होती. ती माझ्याकडं बघत होती. रागानं नाही. कळल्यासारखं. ते मला सहन झालं नाही, मी पाना उचलला आन् खाली आलो.

कमलला हे नाही सांगितलं, तुमाला सांगितलं, तुमी चहा पूर्न पिले म्हनून. तेव्हा बरं वाटलं का? वाटलं. झोप आली का? नाही आली. दोन्ही लिहा.

पेटी चालू आहे अजून. चार वर्षं झाली, त्या सहाव्या दिवसानंतर एक थेंब गालिच्यावर नाही, नवीन लोक आले की शेठ दाखवतो, भोक न पाडता केलंय म्हनून, कोनी केलं ते सांगत नाही. माझी छाती बरी आहे, पोरगी चार वर्षांची झाली, तिला मासे पायजेत, मी म्हनलो काही बी माग, मासे नको. बा आता येत नाही मिलमधे, अंथरुनाला लागली म्हनतात. माझं तिच्याशी काही वैर नाही आता. त्रास न होता सुटू दे बाईला, मी मनापासून म्हनतो. त्यांच्यात मरताना तोंडात पानी घालतात, चमच्यानं. ते घालायला तिची मानसं आहेत, मला बोलवायचं काही काम नाही.

आन् बोलवलं तर? तुमी लई इचारता हो. द्या तो कप इकडं.